पसंतीला आणलेला कॉम्प्युटर

रतनलाल शेठनी कॉम्प्युटरच्या झाकणाचा कोपरा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरला आणि हलकेच चोळून पाहिला. गेली पन्नास वर्षं अमळनेरच्या बाजारात त्यांनी कापड असंच पारखलं होतं. सूत किती, खळ किती, दोन धुण्यांनंतर काय उरेल, हे सगळं त्यांना त्या चिमटीत कळायचं. इथे काहीच कळेना. हाताला गार आणि गुळगुळीत लागत होतं, एवढंच.

"पोत नाही हो याला," ते म्हणाले. पण चिमूट काही त्यांनी सोडली नाही.

जळगावचं ते शोरूमच तसं होतं. रतनलालांच्या दुकानात चारशे साड्या मावल्या असत्या एवढ्या टेबलावर एकच कॉम्प्युटर ठेवला होता, आणि बाकीचं टेबल कोणीतरी उगाचच पुसत होतं. आलेली माणसं हळू आवाजात बोलत होती. रतनलालांनी आत शिरताना सवयीने चपला दाराबाहेर काढल्या होत्या आणि ते कोणालाच वावगं वाटलं नव्हतं.

"किंमत?" त्यांनीही आवाज खाली आणून विचारलं.

"एक लाख बेचाळीस, मामाजी. घरचं म्हणून एकोणचाळीसला देतो," श्रेयांस म्हणाला. शोरूम त्याचं होतं, आणि तो रतनलालांचा भाचेजावई होता. जावयाशी घासाघीस करायची कशी, हा रतनलालांपुढचा पहिला पेच.

"आणि तो पलीकडचा काळा?"

"तो साधा. बावन्न हजार."

"काम तेच करतो?"

"काम तेच करतो."

"मग वरचे सत्याऐंशी हजार कशाचे?"

श्रेयांसने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग टेबलाकडे हात करून तो म्हणाला, "मामाजी, हा... हा आहे."

हे उत्तर ऐकून रतनलालांना धुळ्याचे साडू आठवले. दोन दिवसांपूर्वी ते मुद्दाम धुळ्याला जाऊन साडूंना विचारून आले होते. साडू म्हणाले होते, आतून सगळे सारखेच, तुम्ही पैसे देता ते वेष्टणाचे. धुळ्याला ते पटलं होतं. जळगावला त्या टेबलापुढे उभं राहिल्यावर ते पटेना.

हा सगळा खटाटोप विधीसाठी चालला होता. विधी त्यांची नात. कापडावरची नक्षी काढण्याचं शिक्षण घेऊन ती नुकतीच घरी आली होती. सुरतेच्या जितेंद्रभाईंनी, साड्यांचे मोठे घाऊक व्यापारी ते, तिला सांगितलं होतं की चौदसला, म्हणजे चतुर्दशीला, दुपारी चारपर्यंत काठाच्या सहा डिझाइन पाठव. पसंत पडल्या तर वर्षभराचं काम, घरी बसून. नाही पडल्या तर पुण्याच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलेलंच होतं, आणि तिथे तिला टी-शर्टवर वाघाची तोंडं काढायची होती. विधीला अमळनेर सोडायचं नव्हतं, आणि वाघ तर मुळीच काढायचे नव्हते.

"दादाजी, साध्यावर रंग खरे दिसत नाहीत," शेजारी उभी असलेली विधी म्हणाली. "मी मोरपंखी काढते, सुरतेला पोचतो तो शेवाळी."

रंगाचं रतनलालांना पटलं. किमतीचं पटत नव्हतं. शेवटी त्यांनी कापडबाजारातला हुकमी तोडगा काढला.

"श्रेयांसजी, पसंतीला द्या."

कापडवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. लग्नघरचं गिऱ्हाईक दुकानात बसून साडी ठरवत नाही. ते पंधरा साड्या गठ्ठा बांधून घरी नेतं, घरच्या बायका बघतात, आणि चार ठेवून अकरा परत येतात. त्याला म्हणतात पसंतीला नेणं. अट एकच असते. साडीची घडी मोडायची नाही. घडी मोडली की साडी गिऱ्हाइकाची.

कॉम्प्युटर पसंतीला नेणारं गिऱ्हाईक श्रेयांसने आजवर पाहिलं नव्हतं. पण मामेसासऱ्यांना नाही कसं म्हणणार? "आठ दिवस," तो कसाबसा म्हणाला.

"आठ दिवसांत हिचं सुरतेचं काम याच्यावर झालं, तर ठेवला. नाहीतर परत, आणि हिला काळा घेऊ," रतनलालांनी जाहीर केलं. तरुण नावाचा त्यांचा मुलगा सोबत होता. त्याने मान डोलावली. तरुणचं वय सत्तेचाळीस, पण वडिलांसमोर त्याचं मुख्य काम मान डोलावण्याचंच होतं.

कॉम्प्युटर अमळनेरला आला तो तरुणच्या मांडीवर बसून. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला रतनलाल मागे वळून विचारत होते, "लागलं का त्याला?" तरुणचं डोकं दोनदा टपाला आपटलं. त्याची चौकशी कोणी केली नाही.

त्या घराची एक रीत होती. घरात नवी वस्तू आली की पहिला हात पानबाईंचा. पानबाई म्हणजे रतनलालांची पत्नी, वय बाहत्तर. दुकान, जीप, शिलाई मशीन, गॅसची शेगडी, सगळ्याला पहिला हात त्यांनी लावलेला, आणि सगळं बऱ्यापैकी लाभलेलं. कॉम्प्युटर सुरू करून द्यायला श्रेयांस स्वतः आला होता. पाटावर लाल कापड, त्यावर कॉम्प्युटर, समोर नारळ. घरातली माणसं भोवती हात जोडून उभी. पडदा उजळला तेव्हा एकाच वेळी चार-पाच जणांच्या तोंडून "आहा" निघालं.

"आता बोट ठेवायचं आहे," श्रेयांस म्हणाला. "पहिलं बोट कोणाचं?"

त्याला विचारायचं होतं ते वेगळंच. पण त्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते सगळ्यांनी एका सुरात दिलं. पानबाई पुढे आल्या, पदर डोक्यावर घेतला आणि कुंकवाला लावावं तसं उजव्या हाताचं बोट कॉम्प्युटरवर टेकवलं. यंत्राने पुन्हा ठेवायला सांगितलं, परत ठेवायला सांगितलं. पानबाईंनी न कंटाळता पंधरा वेळा ठेवलं.

"मामीजी, आता पासवर्ड. आकडे टाका, लक्षात राहतील असे. आणि तो कोणालाही सांगायचा नाही."

"कोणालाही?"

"कोणालाही."

"यांनासुद्धा?"

"मामाजींनासुद्धा नाही," श्रेयांस हसत म्हणाला.

पानबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "घेतला नियम." मग सगळ्यांना पाठ फिरवायला लावून त्यांनी एकेक आकडा दाबला. विसरल्यास आठवावं म्हणून एक खूण लिहायची असते, ती काय लिहू, असं श्रेयांसने विचारलं. पानबाई म्हणाल्या, "लिहा, रोजचं."

संध्याकाळी विधीच्या लक्षात आलं की कॉम्प्युटर आता फक्त दादीला ओळखतो. "दादाजी, माझंही बोट घालू या ना."

"अजिबात नाही," रतनलाल म्हणाले. "पसंतीचा माल आहे. एका बोटाचं श्रेयांसजी समजून घेतील, मुहूर्त होता. दुसरा हात लागला की तो सेकंडहँड झाला."

"दादाजी, सेकंडहँड म्हणजे असं नसतं."

"मग काय असतं? सेकंड म्हणजे दुसरा, हँड म्हणजे हात."

डिझाइन इंटरनेटवर कुठेतरी जपून ठेवू का, हे तिने विचारलं, तर "आपला माल दुसऱ्याच्या गोदामात कशाला?" असं ऐकावं लागलं. तेव्हा रोज सकाळी पानबाईंनी सामायिक, म्हणजे सकाळचं ध्यान, आटोपून यायचं, बोट टेकवायचं, आणि विधीने दिवसभर झाकण उघडंच ठेवून काम करायचं, असं चालू झालं. काम मात्र सुंदर चाललं होतं. तिचा मोरपंखी आता मोरपंखीच दिसत होता. दुकानातलं गिऱ्हाईक साडी टाकून मागच्या खोलीत पडद्याकडे बघत उभं राहायचं, आणि रतनलाल त्यांच्यामागे उभे राहून तेच करायचे. बाहेर मात्र ते सगळ्यांना सांगत, अजून ठरलं नाही, महाग आहे.

सातव्या दिवशी चौदस होती.

चातुर्मासातल्या चौदसला पानबाई पौषध करत. एक दिवस आणि एक रात्र संसार सोडून जैन स्थानकात राहायचं, साध्वींसारखं. दिवा नाही, पंखा नाही, फोन नाही, विजेच्या कशालाही हात नाही. पहाटे निघण्याआधी त्यांनी बोट टेकवून कॉम्प्युटर उघडून दिला, विधीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या गेल्या. सहा डिझाइनपैकी पाच तयार होत्या. सहावीचा काठ अकरा वाजेपर्यंत भरत आला. विधी पाणी प्यायला म्हणून वर घरात गेली.

त्याच वेळी धरणगावकडचे जीवराम आबा मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला दुकानात आले होते. बसल्या जागेवरून त्यांना मागच्या खोलीतला पडदा दिसला.

"शेठ, हाई काय शे?"

"कॉम्प्युटर शे. भारीवाला."

"कितलाले लिधा?"

रतनलालांनी इकडेतिकडे बघून त्यांच्या कानात आकडा सांगितला. जीवराम आबांनी डोक्यावरची टोपी काढली.

"इतला पैसामा तं दोन म्हशी यी जातीस! मंग हाई दूध कितलं देस?"

"दूध नही देस, आबा. पण जाडी देखा याची." रतनलालांचं दुकानदारी रक्त उसळलं. पन्नास वर्षं साडी उलगडून, पुन्हा घडी घालून दाखवणारा तो हात. त्यांनी कॉम्प्युटर दोन्ही हातांनी उचलला आणि म्हणाले, "अशी, अशी घडी होते याची," आणि झाकण मिटलं.

टक् असा बारीक आवाज झाला. दोघांनीही माना डोलावल्या. विधी जिन्यावर पेला हातात घेऊन उभी होती, तिने फक्त डोळे मिटून घेतले.

झाकण पुन्हा उघडल्यावर पडद्यावर डिझाइन नव्हती. बोट ठेवा, असं लिहिलेलं होतं.

रतनलालांनी लगेच आपलं बोट ठेवलं. दुकानाचे मालक ते, बिल त्यांच्या नावाने होणार, मग बोट का चालू नये? यंत्राने पडदा डावी-उजवीकडे हलवला.

"नाही म्हणतंय," तरुण म्हणाला.

"कळतंय मला."

तरुणने बोट ठेवलं. पुन्हा नकार. मग वर जाऊन त्याने पानबाईंचा चष्मा शोधून आणला, का ते त्यालाही सांगता आलं नाही. जीवराम आबा म्हणाले, "मना आंगठा तं राशननं मशीन बी वळखस नही," आणि तरीही ठेवून पाहिला. पाचव्या नकारानंतर यंत्राने बोट घेणंच बंद केलं आणि पासवर्ड मागितला.

"बठ्ठास्ना बोटं व्हई ग्यात. आते?" जीवराम आबांनी विचारलं.

पडद्यावर पासवर्डच्या खाली खूण दिसत होती. रोजचं.

"सोपं आहे," रतनलाल म्हणाले. "चोपन्न वर्षांचा संसार आहे. रोजचं काय ते मला माहीत नाही?" त्यांनी विचार केला. पानबाई रोज काय करतात? "माळ! एकशे आठ." विधीने टाकलं. नकार. उठण्याची वेळ? रतनलाल म्हणाले पाच, तरुण म्हणाला साडेचार, विधी म्हणाली पावणेचार. खरी वेळ कोणालाच ठाऊक नव्हती, कारण पानबाई उठतात तेव्हा बाकी सगळे झोपलेले असतात. तिन्ही टाकून झाल्या. रोजच्या गोळ्या किती? त्या गोळ्या घेतात, हे रतनलालांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. "कसल्या गोळ्या?" "गुडघ्याच्या, दादाजी. चार वर्षं झाली." तोही आकडा चुकला. आता यंत्र म्हणालं, पाच मिनिटं थांबा. मग म्हणालं पंधरा. एक वाजेपर्यंत ते एक तास थांबा म्हणू लागलं.

रतनलालांनी श्रेयांसला फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"मामीजींचं बोट, आता तर पासवर्डच लागेल, मामाजी. नाहीतर आतलं सगळं पुसून नव्याने सुरू करावं लागेल."

"तुम्ही या ना गाडी घेऊन. उघडून द्या."

"मी येऊन काय करणार? मला नाही उघडता येत."

"मग कंपनीचा माणूस पाठवा."

"कंपनीलासुद्धा नाही उघडता येत."

रतनलालांनी फोन तोंडाजवळ घेतला. "ज्यांनी बनवला, त्यांनासुद्धा?"

"त्यांनासुद्धा नाही."

रतनलालांनी फोन खाली ठेवला आणि त्या चंदेरी पत्र्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते बघून विधीला वाटलं, दादाजी रागावले. ते रागावले नव्हते. दुकानाच्या तिजोरीला त्यांनी तीन वेळा कुलूपवाला बोलावला होता, तिन्ही वेळा त्याने पाच मिनिटांत तिजोरी उघडून दिली होती, आणि तिन्ही वेळा रतनलालांना रात्री झोप लागली नव्हती. तरुणच्या जुन्या कॉम्प्युटरचा पासवर्ड तर यंत्रावरच कागदाने चिकटवलेला होता, आणि चहावालाही त्यावर क्रिकेट बघायचा.

"तरुण," ते हळूच म्हणाले, "असं कुलूप पाहिलं होतंस कधी?"

"दादाजी!" विधीचा आवाज फुटला. "चार वाजता डिझाइन जायला हव्यात! पुण्याला जाऊन वाघ काढायचे का मी?"

तेव्हा कुठे शेठ भानावर आले. विधीने कॉम्प्युटर साडीच्या पिशवीत घातला आणि तिघं स्थानकाकडे निघाले. मागून जीवराम आबाही निघाले. बस्ता तसाच राहिला, पण असं काही मध्ये सोडून जायला त्यांचं मन होईना.

स्थानकाच्या पायरीवर अडचण उभी राहिली. विजेची वस्तू आत न्यायची नाही. कॉम्प्युटर जीवराम आबांच्या हातात देण्यात आला. आबांनी तो छातीशी धरला आणि ते हललेच नाहीत. रतनलालांनी मनगटावरचं घड्याळ आणि तिघांचे फोनही त्यांच्या खिशात टाकले.

आत पानबाई पांढऱ्या साडीत, तोंडाला मुहपत्ती बांधून आसनावर बसल्या होत्या. हातात माळ होती. विधीने दाराशी बसून सगळं सांगितलं, झाकण मिटलं इथपासून एक तास थांबा इथपर्यंत. पानबाईंनी ऐकलं. मग हळू पण स्पष्ट सांगितलं, "बेटा, पच्चखाण घेतलंय, नियम आहे. करणार नाही आणि करवून घेणार नाही. आकडा सांगितला तर ते करवून घेणंच झालं."

"मग सांगू नको," रतनलालांनी शक्कल काढली. "मी आकडे म्हणतो. बरोबर आला की फक्त मान हलव."

"मनाने, वाणीने आणि कायेने," पानबाई म्हणाल्या. "मान कायेतच येते."

"बरं, मी नुसतंच विचारतो. संसाराचं काही नाही. तू रोज काय करतेस?"

पानबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चोपन्न वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच विचारला गेला होता, आणि तोही पौषधात. त्यांनी डोळे मिटले आणि माळ पुढे ओढली.

विधी दादीच्या बोटांकडे बघत होती. तेच उजव्या हाताचं बोट, ज्याच्यावर आज सगळं अडलं होतं, माळेच्या एकाच मण्यावर होतं. मणी पुढे सरकतच नव्हता. विधीला एकदम कळलं की दादीला सगळं ऐकू आलंय, वाघ आणि पुणे धरून, आणि आणखी एकदा विचारलं तर ती मोडेल. तिच्यासाठी मोडेल, आणि मग जन्मभर स्वतःला दोष देत राहील. त्या लाखाच्या यंत्रापेक्षा हे केवढं तरी मोठं होतं, आणि हे विधी रोज घरात बघत आली होती.

"दादाजी, चला," ती म्हणाली. दादीला वाकून नमस्कार करून ती बाहेर पडली.

पायरीवर पावणेतीन झाले होते. "लाईट गेली म्हणून सांग," तरुणने सुचवलं. "किंवा कॉम्प्युटर बिघडला म्हण. हे खरं कारण कोण ऐकून घेणार?" पण विधीला आता खोटं बोलण्याची हिंमतच उरली नव्हती. तिने तिथेच उभं राहून जितेंद्रभाईंना फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. आजीच्या बोटाने उघडणारा कॉम्प्युटर, आजी स्थानकात, उद्या सकाळपर्यंत काही होणार नाही.



"चौदसनो पौषध?" जितेंद्रभाईंनी विचारलं.

"हो."

"तू दादीला आकडा विचारलास?"

"विचारला. दुसऱ्यांदा नाही विचारला."

"सारू कर्यू, बरं केलंस," जितेंद्रभाईंचा आवाज एकदम घरचा झाला. "बेटा, सकाळपासून नऊ डिझायनरचे फोन आले. नवांचीही लाईट गेली. एवढी लाईट अख्ख्या हिंदुस्तानात जात नाही. उद्या पारणं होऊ दे, मग दहापर्यंत पाठव. आणि दादीने शाता पूछजो, तब्येत विचारली म्हणून सांग."

पण जितेंद्रभाईंचं संपलं नव्हतं. "एक सांग. तो कॉम्प्युटर खरंच कोणालाच उघडत नाही?"

फोनला कान लावून उभे असलेले रतनलाल पुढे झाले. "कंपनीलासुद्धा नाही!" ते छाती काढून म्हणाले.

"शेठ, गेल्या दिवाळीला माझी बॉर्डर माझ्याआधी समोरच्या दुकानात लागली होती. डिझाइन चोरीला जातात इथे. तुमच्या घरून काम झालं, तर दादीशिवाय ते कोणी बघू शकणार नाही, हो ना?"

"मीसुद्धा नाही," रतनलाल म्हणाले. आजवर कुठल्याच गोष्टीतली आपली असमर्थता त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येण्याआधीच घर जागं होतं. पाटावर पुन्हा कॉम्प्युटर मांडलेला. पानबाई आल्या, मुगाचं पाणी घेऊन त्यांनी पारणं केलं, हात धुतले, पुसले. कोणी घाई केली नाही, तरुणने तर श्वासही बेताने घेतला. मग त्या पाटासमोर बसल्या.

"पाठ फिरवा," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी पाठ फिरवली. मागे हळूहळू टक टक ऐकू आलं, आणि भिंतीवर पडद्याचा उजेड पडला. सहाच्या सहा डिझाइन जिथे सोडल्या होत्या तिथे तशाच होत्या. विधीने सहावीचा काठ भरला आणि साडेआठला सगळ्या पाठवल्या. दहाच्या आत सुरतेहून निरोप आला. सहापैकी चार पसंत. मोरपंखी तर हातोहात. पुढचं काम सोमवारपासून.

रतनलालांनी विधीला पेढा भरवला, स्वतः खाल्ला आणि हात पुसत कॉम्प्युटरकडे आले. "ठरलं. ठेवायचा. किमतीचा आहे. आता दुकानाचं सगळं महत्त्वाचं यात घालू. विधी, पहिल्यांदा माझं बोट टाकून दे, मग तरुणचं, मग तुझं. दादीचं काढलं तरी चालेल आता, मुहूर्त झाला."

पानबाई उठल्या नाहीत.

"विधीचं घाला," त्या म्हणाल्या. "तिचं काम आहे. माझं काढायचं नाही."

"अगं, पण तुला काय उपयोग?"

"दुकानाचं पहिलं कुलूप मी उघडलं. त्यानंतर ती किल्ली तुमच्या कमरेलाच पाहिली. जीपला पहिला हात मी लावला, आणि पुढच्या सीटवर अजून बसले नाही. या घरात सगळ्याला पहिला हात माझा. दुसरा कधी लागलाच नाही." त्या हे रागाने बोलत नव्हत्या. त्या पडद्यावरचा मोरपंखी काठ बघत होत्या. "काल मी तिकडे माळ ओढत होते, आणि इकडे माझ्यावाचून तुमचं सगळ्यांचं अडून बसलं होतं. पौषधात असं मनात आणू नये. पाप लागलं असेल मला. पण खरं सांगते, फार बरं वाटलं."

रतनलालांनी पुढे केलेलं बोट मागे घेतलं आणि ते धोतराला उगाचच पुसलं.

पानबाईंनी दोन बोटांच्या चिमटीत झाकणाची कड धरली. "केवढ्याला पडला हो हा?"

तरुणने विधीकडे पाहिलं, विधीने छताकडे. आठवडाभर हा आकडा पानबाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून सगळ्या घराने जिवाचा आटापिटा केला होता. एका रुपयासाठी कोथिंबीरवालीला तीनदा जिना चढायला लावणारी ही बाई. रतनलालांनी घसा साफ केला आणि जमिनीकडे बघत, जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं, "एक लाख एकोणचाळीस हजार."

पानबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कॉम्प्युटरकडे.

"एवढ्यातच मिळाला?" त्या म्हणाल्या.